कळपाची नाडीपरीक्षा

अमेरिकेतील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जात गुणांच्या रकान्यांबरोबर तासांचेही रकाने असतात. उमेदवाराने आजवर जनावरांच्या सहवासात किती तास घालविले, कोठे घालविले, कोणाच्या देखरेखीखाली घालविले आणि त्या अवधीत प्रत्यक्ष कोणते काम केले, याचा तपशीलवार जमाखर्च तेथे मांडावा लागतो. आणि त्यातही पशुवैद्याच्या हाताखालचे तास एका खात्यात, तर केवळ पशुपालकाच्या हाताखालचे तास दुसऱ्या खात्यात, ही विभागणी कटाक्षाने पाळली जाते. बारावीनंतर ‘नीट’च्या गुणानुक्रमे थेट पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची ज्यांना सवय आहे, त्या आपल्याकडील पालकांना ही रीत चमत्कारिक वाटेल. परंतु तिकडे पशुवैद्यकाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सामान्य विद्यापीठातील शिक्षणाच्या पुढे सुरू होतो. सेंद्रिय रसायन, जीवरसायन, अनुवंशशास्त्र, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र हे विषय पदरात पाडून घेण्याच्या त्या आधीच्या वर्षांना ‘प्री-व्हेट’ म्हणतात, आणि त्या वर्षांमधील उन्हाळे, म्हणजे मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे तीन-तीन महिने, हे तासांचे खाते भरून काढण्यासाठीच जणू राखून ठेवलेले असतात.

बहुसंख्य विद्यार्थी हे तास शहरातील कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांत भरतात. काही प्राणिसंग्रहालयांत जातात, काही घोड्यांच्या तबेल्यांत. थोडे मात्र गुरांच्या राँचची वाट धरतात, आणि या लेखाचा विषय ते थोडे आहेत. ‘विद्यार्थी’ म्हटले खरे, पण अमेरिकेतील पशुवैद्यक महाविद्यालयांत आज शंभरांत ऐंशीहून अधिक विद्यार्थिनी असतात. तेव्हा मेमधल्या एखाद्या सकाळी राँचच्या फाटकाशी जी उमेदवार उतरते, ती बहुधा उपनगरातील घरात वाढलेली, गाय दुरूनच पाहिलेली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी असते. राँचमालकालाही तिची गरज असते. पदवीनंतर मोठ्या जनावरांच्या, त्यातही गुरांच्या, चिकित्सेकडे वळणारे पशुवैद्य इतके कमी झाले आहेत, की ज्या भागात पशुवैद्यांची टंचाई सरकारदरबारी जाहीर झाली आहे, तेथे काही वर्षे काम पत्करणाऱ्या पदवीधरांच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग संघराज्य सरकारने फेडावा, असा कायदा २००३ साली करावा लागला. राहण्याजेवणाची सोय आणि माफक वेतन यांच्या मोबदल्यात मालकाला उन्हाळ्यापुरते दोन हात मिळतात. पण त्यामागे, या मुलीने पुढे डॉक्टर होऊन याच मुलखात परतावे, अशी आशाही असते.

हा मुलूख कसा आहे, ते नेब्रास्का राज्याच्या उत्तर-मध्य भागातील ‘सँडहिल्स’ या प्रदेशावरून उत्तम समजते. सुमारे १९,३०० चौरस मैलांवर, म्हणजे राज्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर, वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. त्यांतल्या काही ४०० फुटांपर्यंत उंच आहेत, आणि पश्चिम गोलार्धातील सर्वांत विस्तीर्ण अशी ही वालुकाराशी केवळ गवताच्या मुळांनी जागच्या जागी धरून ठेवलेली आहे. १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांची सनद मिळत असे. तेवढ्यात येथे कोणाचाही निभाव लागेना, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कापुरती ती मर्यादा ६४० एकर करण्यात आली. तरीही ज्यांनी नांगर घातला, त्यांची जमीन वाऱ्याबरोबर उडून गेली आणि ते पुढे चालते झाले. ज्यांनी गवत तसेच राखून त्यावर गुरे चारली, ते टिकले. याच प्रदेशातील चेरी काउंटी क्षेत्रफळाने जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे. तिची लोकवस्ती मात्र २०२० च्या खानेसुमारीत साडेपाच हजारांच्या आसपास भरली. माणसांपेक्षा गाईच तेथे कितीतरी पटींनी अधिक, आणि पशुवैद्याचा दवाखाना कधी पन्नास मैलांवर, कधी त्याहूनही दूर. अशा ठिकाणी डॉक्टर येण्यापूर्वीचे सर्व वैद्यक राँचवरील माणसांनाच करावे लागते, आणि उन्हाळी उमेदवार जे शिकते ते हेच डॉक्टरपूर्व वैद्यक.

पहिले कित्येक दिवस तिला सुई हाती मिळत नाही. तिला पाहायला शिकविले जाते. पहाटे घोड्यावरून किंवा चार चाकांच्या छोट्या गाडीवरून एकेका कुरणात जायचे, पवनचक्कीखालचे टाके भरलेले आहे की नाही ते बघायचे, मिठाचे व खनिजांचे पात्र तपासायचे आणि गाई मोजायच्या. मोजणी चुकली तर पुन्हा मोजायची. कारण जी गाय मोजणीत सापडत नाही, ती बहुधा एखाद्या घळीत एकटी उभी असते, आणि कळपातून फुटून एकटे राहणे हे आजाराचे पहिले लक्षण आहे. मग लक्ष वळवायचे गाईच्या डाव्या कुशीकडे. शेवटच्या बरगडीच्या मागे आणि कंबरेच्या हाडाखाली जो त्रिकोणी भाग दिसतो, त्याच्या आत गाईचे मोठे पोट असते. गाय पोटभर चरलेली असेल तर तो भाग भरलेला दिसतो. एक-दीड दिवस तिने तोंड हलविले नसेल तर तेथे तळहात मावेल एवढा खळगा पडतो. आणि तो फुगून ढोलासारखा ताणला गेला असेल तर ती पोटफुगी समजावी. कान लोंबणे, डोळे खोल जाणे, रवंथ थांबणे, ठेच लागल्यागत चालणे, नाकपुडी कोरडी पडणे, ही सारी अक्षरे हळूहळू तिच्या ओळखीची होतात. शरीराच्या पुष्टीला १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत आहे; १ म्हणजे केवळ हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीने जडावलेली, आणि विण्याच्या सुमारास गाय ५ च्या आसपास असावी, असा संकेत आहे. हे गुण देताना मुलगी आरंभी प्रत्येक गाईला पाचच देते. कारण बरगड्या दिसू लागण्यास आरंभ कोठे होतो, हे ओळखायला शेकडो गाई डोळ्यांखालून जाव्या लागतात.

पाहण्याच्या जोडीला चालणे शिकावे लागते, आणि हे ऐकून ती प्रथम हसते. गाईच्या भोवती एक अदृश्य वर्तुळ असते. त्याच्या बाहेर तुम्ही असाल तोवर ती तुमच्याकडे नुसती पाहते; आत पाऊल टाकलेत की ती सरकते. तुम्ही तिच्या खांद्याच्या रेषेच्या मागे असाल तर ती पुढे जाते, पुढे असाल तर मागे फिरते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी जनावराच्या नजरेने जग पाहून हा विषय शास्त्राच्या कोटीला नेला. वळणाच्या वाटेने गुरे अधिक सहज चालतात, कुंपणावर टाकलेला एखादा कोट किंवा जमिनीवर पडलेली तीव्र सावली पाहून ती अडतात, हे त्यांनी दाखवून दिले, आणि आज त्या देशातील कित्येक कोंडवाड्यांची रचना त्यांच्या विचारांवर बेतलेली आहे. आरडाओरडा न करता, काठी न उगारता, केवळ योग्य जागी उभे राहून शंभर गाई फाटकातून काढता येणे, हे या उन्हाळ्यातील पहिले पदक समजले जाते.

सँडहिल्समधील काही राँचवर गाई मार्चमध्ये वितात, तर काहींवर गवताच्या हंगामाशी मेळ घालून मेमध्ये. व्हिटमन गावाजवळ नेब्रास्का विद्यापीठाची १२,८०० एकरांची गुडमंडसेन संशोधन-राँच आहे. हे दोन हंगाम परस्परांशी ताडून पाहण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे चालले आहे. मे महिन्यात विणाऱ्या कळपात आलेल्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात पहिलारू कालवडींवर पहारा मिळतो. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक, अशा क्रमाने वासरू येत असेल तर हात लावायचा नाही. पाण्याची पिशवी दिसून तासभर लोटला आणि पुढे प्रगती नाही, तर मात्र पाहावेच लागते. साखळी लावायची ती एकाच ठिकाणी नव्हे: एक फास घोट्याच्या वर आणि दुसरा अर्धा फास घोट्याच्या खाली, म्हणजे ओढीचा जोर दोन ठिकाणी विभागला जाऊन वासराचे कोवळे हाड मोडत नाही, आणि ओढायचे तेही गाय कळ देते तेव्हाच, ती थांबली की आपणही थांबायचे. बाहेर आलेल्या वासराला मागच्या पायांनी उलटे टांगण्याची जुनी रीत आता त्याज्य ठरली आहे, कारण तसे केल्याने पोटातील सारे ओझे श्वासपटलावर पडते. त्याऐवजी त्याला छातीवर बसते करून नाकपुडीत गवताची काडी फिरवावी, म्हणजे ते शिंकते आणि श्वास घेते.

त्यानंतर प्रश्न उरतो चिकाचा. मानवी अर्भकाला आईच्या रक्तातून गर्भावस्थेतच थोडीफार रोगप्रतिकारशक्ती मिळते; वासराला ती तशी मिळत नाही, ती सर्वस्वी चिकातून यावी लागते, आणि चिकातील प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची वासराच्या आतड्यांची क्षमता तासागणिक कमी होत जाऊन पहिल्या चोवीस तासांत संपुष्टात येते. म्हणून वासरू उठून आईला लागले की नाही, हे पाहणे ही येथील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी लस होय. आपल्याकडे चिकाचा खरवस होतो. पण वासराच्या वाट्याचा चीक आधी वासराला, ही समज जुन्या गवळ्यांनाही होतीच.

एवढे करूनही वासरे मरत. हंगामाच्या आरंभी जन्मलेली ठणठणीत राहत आणि उत्तरार्धात जन्मलेली हगवणीने पटापट दगावत, असा अनुभव जागोजागचे राँचमालक सांगत. या शतकाच्या आरंभी नेब्रास्का विद्यापीठातील पशुवैद्यांनी या कोड्याचा छडा लावला, आणि त्यांनी सुचविलेला उपाय ‘सँडहिल्स पद्धती’ या नावाने आज पाठ्यपुस्तकांत गेला आहे. हगवणीचे रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे कारक मोठ्या गाईंच्या पोटात थोड्या प्रमाणात असतातच. परंतु प्रत्येक नवे वासरू हे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढविणारी जणू भट्टी बनते, आणि आधीच्या वासरांनी दूषित केलेल्या जमिनीवर पडणाऱ्या शेवटच्या वासराला त्या सर्वांचा एकत्रित मारा सोसावा लागतो. उपाय असा: पहिल्या कुरणात सुमारे दोन आठवडे वेत होऊ द्यावे, मग व्यालेल्या गाई वासरांसह तेथेच ठेवून ज्या अजून गाभण आहेत त्यांना दुसऱ्या, स्वच्छ कुरणात न्यावे, पुढे दर आठवड्याला हेच करीत जावे. अशा रीतीने प्रत्येक कुरणात साधारण एकाच वयाची वासरे राहतात, आणि मोठ्यांचा संसर्ग लहानांना पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. ही पद्धत ज्या कळपांत काटेकोरपणे पाळली गेली, तेथे हगवणीने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. त्यात नवे औषध नाही, नवी लस नाही; आहेत ती काही फाटके, थोडी शिस्त आणि एक वही. रोग जनावराच्या आतड्यात दिसला, तरी त्याचे मूळ कुरणाच्या वापरात होते, हे मुलीला येथे उमगते. आणि राँचवरील उन्हाळ्याने शिकविण्याजोगे जे मुख्य आहे, ते हेच, असे मला वाटते.

जूनच्या सुमारास डाग देण्याचे दिवस येतात. आपल्याकडील इर्जिकीसारखाच हा प्रकार: आज या राँचवर, उद्या शेजाऱ्याच्या, आणि मजुरी म्हणजे दुपारचे भरपेट जेवण. घोडेस्वार वासरांचे मागचे पाय फासात पकडून त्यांना आगटीजवळ ओढीत आणतात, दोघे जण वासरू दाबून धरतात, आणि अवघ्या काही मिनिटांत त्याला मालकाचा डाग, कानात बिल्ला, फऱ्या आणि त्याच्या जातीच्या इतर रोगांवरची लस आणि नर असल्यास खच्चीकरण, असे सारे संस्कार होतात. डाग हा तेथे मालकीहक्काचा दस्तऐवज आहे. नेब्रास्कात त्यासाठी १९४१ पासून सरकारी ब्रँड समिती आहे आणि राज्याच्या पश्चिम भागात गुरे विकताना किंवा हलविताना तिच्या निरीक्षकाकडून डागाची तपासणी करून घ्यावी लागते. मुलीच्या वाट्याला बहुधा लसीची पिचकारी येते. मानेवरच, खांद्याच्या पुढच्या त्रिकोणात, कातडीची चिमूट वर उचलून तिच्या तंबूत सुई सरकवायची. मांड्यांत कधीही नाही, कारण तेथील गाठ पुढे मोलाचे मांस नासवते. जिवंत विषाणूंच्या लसीची बाटली उन्हात ठेवायची नाही, एकदा कालविली की तासाभरात संपवायची, आणि त्या पिचकारीला साबण किंवा जंतुनाशक कधीच लावायचे नाही, ती नुसत्या उकळत्या पाण्याने धुवायची. नाहीतर लस वासराच्या अंगात जाण्यापूर्वीच निकामी झालेली असते आणि तो दोष कोणाच्याही नजरेस येत नाही.

याच महिन्यात पशुवैद्य येतो तो वळूंच्या तपासणीसाठी, आणि मुलीचे ते तास अर्जातील पशुवैद्याच्या हाताखालच्या खात्यात जमा होतात. एका वळूमागे साधारण पंचवीस गाई धरतात. अर्थात एका निर्बीज वळूमुळे पंचवीस गाई भाकड राहण्याचा धोका असतो. वळूला खोड्यात उभे करून त्याचे पाय, डोळे, दात पाहतात. वृषणांचा घेर फितीने मोजतात, जो वयाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत निदान ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांपुढे ३४ सेंटिमीटर भरला पाहिजे. आणि वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घालून किमान ३० टक्के शुक्राणू सरळ पुढे जात आहेत आणि किमान ७० टक्के सुघटित आहेत, याची खात्री करतात. गाडीच्या मागच्या फळीवर मांडलेल्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून शंभर शुक्राणू मोजणे, वाकडी शेपटी एका बाजूला, तुटके डोके दुसऱ्या बाजूला टिपून ठेवणे, हे महाविद्यालयातील प्रयोगशाळेत कंटाळवाणे वाटणारे काम येथे एकाएकी अर्थपूर्ण होते. कारण आकडा कमी भरला तर समोरचा हजारो डॉलरांचा वळू त्याच दिवशी बाजाराची वाट धरतो.

जुलैत गवताची पाळी. सखल कुरणांतील गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी त्याच्या गंज्या रचल्या जातात, आणि चराऊ टेकड्यांवर एक ठरावीक मापाचे कडे टाकून त्याच्या आतील गवत कापून, वाळवून, तोलून एकरी उत्पन्नाचा अंदाज बांधला जातो. वर्षाला १७ ते २३ इंच पावसाच्या या प्रदेशात एका गाय-वासराच्या जोडीला वर्षभरासाठी साधारण पंधरा-वीस एकर लागतात; आणि अर्धे गवत खाऊ द्यावे, अर्धे राखावे, हा येथला पूर्वापार दंडक आहे. तो मोडला तर ज्या टेकडीची कातडी सोलवटली, तिच्या कुशीत वारा शिरून वाळूचा खड्डा पाडतो, आणि तो खड्डा वर्षानुवर्षे पसरत जातो. अशा एका उघड्या खड्ड्याच्या कडेला उभे राहिल्यावर, गाईच्या कुशीतील खळगा आणि जमिनीच्या कुशीतील खळगा हे एकाच हिशेबाचे दोन आकडे आहेत, हे कोणी सांगावे लागत नाही.

उन्हाळा वाढतो तशा माश्या वाढतात आणि त्यांच्याबरोबर डोळ्यांचा संसर्ग येतो. खुरांच्या बेचक्यात जखम होऊन पाय सुजतात. पूर्वी राँचमालक गावातील दुकानातून प्रतिजैविकाची बाटली आणून स्वतःच टोचीत असे. ११ जून २०२३ पासून, माणसाच्या वैद्यकातही महत्त्वाची असलेली सर्व प्रतिजैविके तेथे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ रोखणे हा या नियमाचा हेतू योग्यच आहे. परंतु जेथे पशुवैद्यच मुळात दूर, तेथे मालक-पशुवैद्य यांचा आधीपासूनचा संबंध असणे आणि लेखी नोंदी चोख असणे, यांना नवे महत्त्व आले. म्हणून उमेदवार मुलीच्या खिशात लाल कव्हराची एक छोटी वही असते: कोणत्या बिल्ल्याच्या गाईला कोणत्या दिवशी काय, किती आणि कोठे टोचले, आणि त्यानंतर किती दिवस ते जनावर खाटीकखान्याकडे पाठविता येणार नाही, हे सारे त्या वहीत. उन्हाळाअखेर या वहीची पाने चाळून, कोणत्या कुरणात कोणता आजार वारंवार उद्भवला, हे सांगता येणे, ही एक प्रकारची परीक्षाच असते.

कळपाच्या आणि कुरणाच्या भाषेत रोग वाचण्याची ही दृष्टी तेथे मोठ्या किमतीने मिळविलेली आहे. एकोणिसाव्या शतकात टेक्सासहून उत्तरेकडे हाकलेल्या गुरांच्या वाटेवर उत्तरेकडील गुरे तापाने मरत. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट दिसत. गुराख्यांना गोचिडीचा संशय होता, पण विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. अमेरिकन सरकारच्या पशुउद्योग कार्यालयातील थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेड किल्बोर्न यांनी मात्र दक्षिणेच्या गुरांवरील एकेक गोचीड वेचून काढून ती गुरे उत्तरेच्या गुरांत सोडून पाहिली, तर रोग झाला नाही. आणि गुरांशिवाय नुसत्या गोचिडी शेतात पसरून पाहिल्या, तर रोग झाला. १८९३ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संधिपाद प्राणी रोगाचा वाहक असू शकतो, याचा हा पहिला निर्विवाद पुरावा. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला, तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली. गोचीड-निर्मूलनाची मोहीम १९०६ मध्ये सुरू झाली आणि १९४३ पर्यंत, मेक्सिकोच्या सरहद्दीलगतची पट्टी वगळता, तो ताप अमेरिकेतून हद्दपार झाला.

या लढ्यात आपलाही एक मूक सहभाग आहे. उष्णता आणि गोचीड सोसणारी जनावरे हवीत, म्हणून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील पशुपालकांनी भारतीय वंशाचे वळू आणविले, आणि त्यांच्यापासून ‘ब्राह्मण’ नावाची अमेरिकन जात सिद्ध झाली. तिच्या पूर्वजांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या काळ्या रानात राबणाऱ्या आपल्या ‘कृष्णा व्हॅली’ गुरांचीही गणना होते. पुढे टेक्सासच्या किंग राँचवर शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण यांच्या संकरातून ‘सांता गर्ट्रूडिस’ ही जात तयार झाली, आणि १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. सांगली-सातारा-बेळगावच्या बाजारांत कृष्णा व्हॅली गुरांची जोडी आज शोधून सापडत नाही, हे येथे नोंदवून पुढे जाणे भाग आहे.

मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न एव्हाना उभा राहिला असेल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ही सारी शुश्रूषा ज्या वासरांची, त्यांतली बहुसंख्य अखेरीस खाटीकखान्यातच जायची असतात. प्राण्यांवरील प्रेमापोटी या वाटेला आलेल्या मुलीला हे ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि ज्याला आपण पान्ह्याला लावले त्या वासराची ऑगस्टमध्ये वजनाच्या आकड्याने चर्चा ऐकणे, यांत अंतर आहे. काही जणी येथूनच परत फिरतात, आणि त्यांचा तो निर्णयही या उन्हाळ्याची कमाईच म्हटला पाहिजे. ज्या राहतात, त्या हळूहळू प्रश्न बदलतात: हे जनावर किती जगेल, याऐवजी ते जगेल तितके दिवस कसे जगेल, असे त्या विचारू लागतात. खच्चीकरण आणि शिंगे काढणे यांच्या वेळी वेदनाशामक द्यावे, ही अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची भूमिका. शिंगे नसलेल्या अँगससारख्या जातींमुळे शिंगे काढण्याचा प्रसंगच न येणे. डागाऐवजी इलेक्ट्रॉनिक बिल्ला पुरेसा ठरेल काय, ही चर्चा. या साऱ्यांमागे असे प्रश्न विचारणाऱ्यांचा रेटा आहे.

राँच महाराष्ट्रात आणता येणार नाही, आणि आणण्याचे कारणही नाही. आपल्याकडे दावणीला दोन-चार जनावरे, प्रत्येकाला नाव, आणि ते आजारी पडले तर घरातले माणूस आजारी पडल्याची काळजी. त्या आपुलकीचे मोल कमी लेखू नये. तथापि जनावरे वेगवेगळ्या दावणींना बांधलेली असली, तरी त्यांचे पाणवठे एक असतात, गायरान एक असते आणि आठवड्याचा बाजारही एक असतो. म्हणजे आपला कळप गावाचा असतो, फक्त तो कळप म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा तो दिसला: गुरांचे बाजार बंद करावे लागले, वाहतूक थांबवावी लागली, गावेच्या गावे लसीकरणाखाली आणावी लागली, आणि एकेका गोठ्यात उत्तम सेवा देणाऱ्या पशुवैद्यांना एकाएकी साऱ्या तालुक्याचे वैद्यक करावे लागले.

मुंबईला परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून आपल्याकडे या विद्येची परंपरा अखंड आहे. आजच्या साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारीही आहे. फरक इतकाच, की ती शेवटी येते. साडेचार वर्षे रोगांची नावे पाठ झाल्यावर विद्यार्थी गोठ्यात उतरतो, तेव्हा त्याची नजर त्या नावांचा शोध घेत फिरते; आणि पाणवठा कोठे आहे, चारा कधी संपतो, वासरे कोणत्या महिन्यात मरतात, नवे जनावर कोणत्या बाजारातून आले, हे त्याला निदानानंतर सुचते, आधी नव्हे. प्रवेश निश्चित झाल्यावर आणि पहिले व्याख्यान ऐकण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एक उन्हाळा माणदेशातील एखाद्या मेंढपाळाबरोबर, मराठवाड्यातील एखाद्या चारा छावणीत किंवा कोल्हापूरकडील म्हशींच्या गोठ्यात, हाती औषध नसताना घालवावा, असा नियम करण्यास फारसा खर्च येणार नाही. त्या विद्यार्थ्याने तेथे कोणतेही जनावर बरे करू नये. त्याने फक्त वही ठेवावी, मोजणी करावी आणि कोणते जनावर केव्हा, कोठे आणि कोणानंतर आजारी पडले, हे लिहून ठेवावे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला प्राध्यापकांनी पाठ्यपुस्तकाआधी ती वही उघडायला सांगितली, तर पुढची साडेचार वर्षे त्या वहीतील प्रश्नांची उत्तरे शोधण्यात जातील, आणि आपल्या पशुवैद्यकाची दिशा त्यानेच पुष्कळ बदलेल.